कातळ आणि तंगूस

सह्याद्रीवरून पूर्वेकडे वाहणाऱ्या आपल्या नद्यांचा तळ बहुतेक ठिकाणी काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला हा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, झिओलाइट अशी खनिजं भरत गेली. पाण्याने कातळ झिजतो, पण गारगोटी त्याच्याहून कठीण. ती झिजायला मागे राहते आणि टोक काढून वर येते. तिचाच चुरा नदीच्या वाळूत असतो. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले तर हे पाणी काय करू शकतं ते कळतं. भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी तिथे सलग कातळ कोरून काढला आहे. जिथे दगडाची ही गत, तिथे गळाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या दोऱ्याने तग कसा धरायचा?

तरी धरावा लागतो, कारण या नद्यांत महसीर आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली ज्या दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, तो पुण्याच्या मुळा-मुठेतला. गळ लागला की हा मासा पहिली धाव घेतो ती बहुधा प्रवाहाबरोबर खाली, धोंड्यांच्या गर्दीत. त्याच्या जबड्यात दात नाहीत. आहेत ते घशात, खेकडे आणि शंख चुरडायला. त्यामुळे गळ ओठाला लागला असेल तर मासा दोरा तोडत नाही. नदी तोडते.

बाजारातल्या डब्यांवर मात्र 'अ‍ॅब्रेजन रेझिस्टंट' हे शब्द सर्रास छापलेले असतात. सरळ ओढला तर दोरा किती किलोला तुटेल तो आकडा छापतात. दगडावर घासून किती टिकेल, याचा सगळ्यांनी मान्य केलेला आकडा डब्यावर नसतो. गळ टाकणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच.

हा प्रश्न मी दोघांच्या तोंडी ठेवतो. एक मामा, पाटण ते कऱ्हाड या पट्ट्यात कोयनेवर उभं आयुष्य गळ टाकलेले. दुसरी त्यांची भाची, पॉलिमर शिकलेली, पुण्यात नोकरी करणारी, गळ बांधायला मामांकडूनच शिकलेली. ही दोघं मी रचलेली आहेत. त्यांची मतं मात्र गळ टाकणारे दोघे कुठेही भेटले की ऐकू येतात.

मामा : माझं सांगणं एवढंच. अर्धा मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा तंगूस, रिळापासून गळापर्यंत एकसंध. मध्ये जोड नको, गाठ नको. जितक्या गाठी कमी, तितक्या तुटायच्या जागा कमी.

भाची : आणि नदीला ओढ असली की त्या जाड तंगुसाला पोट येतं, त्याचं काय? पाण्याचा रेटा दोऱ्याच्या जाडीच्या प्रमाणात बसतो, मामा. विणलेला, म्हणजे ब्रेडेड दोरा ०.२८ मिलिमीटरचा घेतला तर तो साडेतेरा किलोचा. तुमचा अर्ध्या मिलिमीटरचा साधारण तेवढ्याच ताकदीचा. म्हणजे तेवढीच ओढ पेलायला तुम्ही पावणेदोन पट जाडीचा दोरा पाण्यापुढे धरता. पाणी त्याला खाली रेटतं, पोट तळाला टेकतं, आणि मग तो धोंड्याधोंड्यांना लागत जातो. तुमचा तंगूस घासणं सोसतो हे मला मान्य आहे. पण तो घासला जातोही जास्त.

मामा : लागू दे की. दगडाला लागूनही टिकतो, हाच त्याचा गुण. तुझा लागला की संपला.

भाची : लागला की लगेच संपतो असं नाही. ब्रेडेडमधलं पॉलिथिलीन अतिशय निसरडं असतं. गुळगुळीत गोट्यावरून ते छान सरकतं. पण कातळाची धार आली की तुम्ही म्हणता ते खरं ठरतं. त्यात केसाहून बारीक तंतू शेकड्यांनी विणलेले असतात. धारेवर बाहेरचे तंतू आधी कापले जातात, मग उरलेल्यांवर सगळा भार येतो, मग तेही जातात. म्हणून तर ब्रेडेडच्या पुढे, गळाकडच्या टोकाला, मी वेगळ्या दोऱ्याचा तुकडा म्हणजे लीडर लावते, फ्लोरोकार्बनचा.

मामा : म्हणजे जोड आलाच!

इथे थोडं थांबून या तीन वस्तूंची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं भांडण त्यांच्या स्वभावावर चाललेलं आहे. नायलॉन १९३५ साली ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने बनवलं, आणि दशक संपायच्या आत त्याचा मासेमारीसाठी दोरा निघू लागला. फ्लोरोकार्बनचा दोरा जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली आणला. ब्रेडेड ज्या पॉलिथिलीनपासून विणतात त्याचे तंतू काढायची रीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत बसली. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिथिलीन ०.९७, नायलॉन १.१४ आणि फ्लोरोकार्बन १.७८. एक तरंगतो, एक हळूहळू बुडतो, एक सरळ तळाला जातो. दोऱ्याच्या घासण्याबद्दल बोलताना हे तीन आकडे फार कमी लोक लक्षात घेतात, आणि माझ्या मते निम्मा निकाल त्यांच्यातच आहे.

मामा : मग फ्लोरोकार्बन बुडून बसणार कुठे? दगडांत. घासायला कणखर म्हणून तू जो घेतेस तोच दिवसभर कातळावर लोळत पडतो.

भाची : तो बुडतो हे खरं. पण तो पाणी पीत नाही. नायलॉन पाण्यात राहिलं की वजनाच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत पाणी शोषतं, मऊ पडतं, ताकद उतरते. आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवणारी आयजीएफए ही संस्था म्हणूनच दोरा ओला करून तपासते. तुम्ही डब्यावर वाचता तो आकडा कोरड्या दोऱ्याचाही असू शकतो. सकाळी सातला तुम्ही टाकलेला तंगूस आणि दुपारी बाराचा तंगूस एकच नसतो. माझा लीडर सकाळी जसा, तसाच दुपारी.

मामा : मऊ पडतो म्हणूनच वाचतो असंही आहे, बाई. कडक दोऱ्यावर दगडाने चरा मारला की तो चरा तिथेच राहतो आणि वाढत जातो. मऊ नायलॉन दबतं, सरकतं. शिवाय तुझ्या त्या कडक दोऱ्याची गाठ नीट बसत नाही. ओढताना थुंकी लावायला विसरलीस की गाठ गरम होते आणि गाठीशीच तुटतो. थंडीत बोटं आखडलेली असताना धोंड्यावर उभं राहून गाठ मारायची असते मला. कागदावरची ताकद काय कामाची?

भाची : गाठ ओली करून हळू ओढायची, हे तिन्ही दोऱ्यांना लागू आहे. नायलॉनलाही.

मामा : हो, पण नायलॉन माणसाची चूक पोटात घालतं. तुझं घालत नाही.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतं, उन्हाने खराब होत नाही, हे त्याचे खरे गुण. निवळ पाण्यात, लाजऱ्या माशासाठी ते घ्यावं. पण कातळाच्या नदीत केवळ घासण्यासाठी म्हणून त्याला दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी असं मला वाटत नाही. त्याच पैशात अधिक जाड नायलॉन येतं, आणि घासण्याच्या बाबतीत जाडी ही सर्वांत भरवशाची गोष्ट आहे. ते कसं, हे भाचीनेच पुढे मांडलं. हिशेब मामांच्या बाजूने झुकतो हे दिसत असूनही मांडला, हा तिचा प्रामाणिकपणा.

भाची : समजा दोऱ्याची साल सगळीकडून ०.०५ मिलिमीटर निघाली. बोटाला जेमतेम खरखर लागेल एवढीच. ०.३० मिलिमीटरचा दोरा आता ०.२० चा उरला. ताकद जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने जाते, म्हणजे उरली ४४ टक्के. तेवढीच साल ०.५० मिलिमीटरच्या दोऱ्याची निघाली तर तो ०.४० चा उरतो, आणि ताकद ६४ टक्के. इजा तीच, पण एकाची निम्म्याहून जास्त ताकद गेली आणि दुसऱ्याची जवळपास एक तृतीयांश.

मामा : हेच मी म्हणतोय इतकी वर्षं.

भाची : थांबा, पुढे ऐका. रिळाचा ड्रॅग आपण किती लावतो? दोऱ्याच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा. म्हणजे मासा त्याहून जास्त ओढायला लागला की रीळ दोरा सोडतं. बारीक दोऱ्यात ४४ टक्के उरले आणि ड्रॅग ३३ वर. मधे फट किती? एक हिसका बसेल एवढीसुद्धा नाही. जाड दोऱ्यात ६४ आणि ३३. तिथे अजून जागा आहे. म्हणून जाडी हवीच, हे मला मान्य. पण कुठे हवी? जिथे दगड आहे तिथे. दोनशे मीटर रिळावर गुंडाळून काय उपयोग? शेवटच्या पाच-सहा मीटरला जाड ठेवा, मागे बारीक ब्रेडेड ठेवा. रॉड उंच धरला की तो बारीक तरंगता दोरा पाण्याच्या वरच राहतो, धोंड्यांना लागतच नाही.

मामा : रॉड उंच धरून मासा जिथे आहे तिथपर्यंत दोरा वर राहील, हे तुला कुणी सांगितलं? चाळीस मीटर खाली गेलेला मासा धोंड्याच्या पलीकडे वळला की तुझा लीडर पलीकडे आणि धोंड्याच्या कडेवर ब्रेडेड. मग काय करशील?

भाची : हा धोका आहे. पण त्या कडेवर तुमचं नायलॉन असतं तर काय झालं असतं तेही बघा. नायलॉन ताणतं. चाळीस मीटर बाहेर असताना ते दहा टक्के ताणलं तर चार मीटर लांबलं. धोंडा मध्यावर असेल तर त्याच्या कडेवरून तंगूस दोन मीटर पुढे जातो, माशाने डोकं हलवून ओढ सोडली की दोन मीटर मागे येतो. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. नायलॉनचा ताण हिसके सोसतो म्हणून तुम्ही त्याचं कौतुक करता. पण तोच ताण त्याला धारेवर करवतीसारखा चालवतो. ब्रेडेड ताणत नाही, त्यामुळे तो एवढा मागेपुढे होत नाही.

मामा : होत नाही, एका जागी कापला जातो.

भाची : एका जागी ओढ सोसतो. आणि मासा दोरा घेऊन धावत असेल तर कडेवरून सारखा नवा नवा दोरा जातो, झीज वाटली जाते. सर्वांत वाईट वेळ ती, जेव्हा मासा धोंड्याआड थांबतो.

मामा : आणि त्या वेळी नव्या पोरांचं एकच चुकतं. घाबरून जास्त ओढतात. पोरी, पतंग उडवलास ना? ताठ मांजा कापला जातो, सैल सोडलेला नुसता बाजूला सरकतो. मासा धोंड्याआड बसला की रीळ मोकळं करायचं, दोरा सैल सोडायचा आणि वाट बघायची. ओढ गेली की मासा पुष्कळदा आपण होऊन बाहेर येतो. दोरा कुठलाही असो, हे ज्याला जमलं त्याचा दोरा टिकतो.

भाची : यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

मामांनी मांज्याचं नाव काढलं ते बरं झालं. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, कारण झाडांवर अडकलेला तो धागा पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापत होता. आपण नदीत जो तंगूस सोडून येतो तो त्याच जातीचा आहे. त्याला काच लावलेली नसते, पण तो कुजत नाही आणि दिसतही नाही. पाणकावळे, नदी सुरय, कासवं यांच्या पायांना तो गुंडाळला जातो. कणखर दोरा कुठला, या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. तुटायची वेळ आलीच तर तो कुठे तुटेल?

भाची : माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे, मामा. तुमचा तंगूस रिळापासून गळापर्यंत एकाच ताकदीचा. गळ खाली कपारीत अडकला आणि तुम्ही ओढलात, तर तो कुठे तुटेल हे तुमच्या हातात नाही. जिथे झिजला असेल तिथे तुटेल. समजा तुमच्यापासून दहा मीटरवर तुटला आणि टोकाला मासा असला, तर तो तीस मीटर तंगूस ओढत फिरणार. कुठेतरी झुडपात तो अडकणार आणि मासा तिथेच बांधलेला राहणार. हे सहन होत नाही मला. माझ्या जोडणीत ब्रेडेड अठरा किलोचा आणि पुढचा लीडर बारा किलोचा. ओढलं तर गळाच्या गाठीशी किंवा लीडरमध्येच तुटतं. माशाच्या तोंडात गळ आणि वितभर, फार तर काही मीटर दोरा राहतो, बस.

मामा : आणि तो अठरा किलोचा ब्रेडेड कातळाला लागून निम्मा कापला गेलेला असला तर? मग तो नऊचा. मग तुझा बारा किलोचा लीडर शाबूत आणि मागचा दोरा तुटला. हिशेब उलटा झाला की नाही?

भाची : होऊ शकतो. म्हणून दर दोन-तीन तासांनी मी पहिले दहा मीटर बोटांतून काढते. ब्रेडेडला जिथे लव आली असेल तिथपर्यंत कापून टाकते. कापसाचा बोळा फिरवला तर तुटलेल्या तंतूला लगेच धागे अडकतात.

मामा : तू करतेस. दहातले नऊ जण करत नाहीत. ब्रेडेड महाग, म्हणून कापायला जीव होत नाही. नायलॉन स्वस्त, त्यामुळे मी दर मोठ्या माशानंतर दोन हात कापून फेकतो.

भाची : फेकता?

मामा : खिशात घालतो. फेकतो म्हणायची सवय.

मामांच्या उलट्या हिशेबाला पुरतं उत्तर नाही, हे सांगायला हवं. दुबळी जागा गळाजवळ ठेवायची रचना उत्तम, पण मागचा दोरा न तपासता वापरला तर ती रचना माशाच्याच जिवावर उठते. तरीही मला भाचीची बाजू अधिक पटते, आणि ती महसीरमुळे. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी १९७०च्या दशकापासून या माशाची पिल्लं कृत्रिम रीतीने तयार करायला घेतली, कारण धरणं, सुरुंग आणि विष यांनी नद्यांतून तो हटत चालला होता. मोठा महसीर पकडून सोडायचाच असतो. तो सोडताना त्याच्या अंगाला आपला दोरा लटकलेला नसावा, एवढी काळजी घेणं हे गळ टाकणाऱ्याचं किमान कर्तव्य आहे. ज्या डोहाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी घेणं हे त्याच्याही आधीचं.

मामा : मासा जगावा असं मलाही वाटतं. म्हणून तर जाड तंगूस. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी, गरम, त्यात प्राणवायू थोडा. बारीक दोऱ्यावर अर्धा तास मासा खेळवत ठेवला तर सोडल्यावर तो उलटा होतो. जाड दोऱ्यावर झटपट काठाला आणावा, पाण्यातच ठेवून गळ काढावा, सोडावा. बारीक दोऱ्यावर मोठा मासा आणला म्हणून जे मिरवतात त्यांना मी नदीवर उभं करणार नाही.

भाची : या बाबतीत मी तुमचीच शिष्य आहे.

मामा : आणि दुबळ्या जागेचं तू आत्ता सांगितलंस ना, ते आम्ही शिशासाठी करत आलो. अडकतं बहुतेक वेळा शिसंच, गळ नाही. शिसं तंगुसाला थेट बांधायचंच नाही. सुताच्या साध्या दोऱ्याने बाजूला लोंबतं बांधायचं. कपारीत बसलं की सूत तुटतं, शिसं जातं, तंगूस आणि गळ परत येतात. मी तर शिसंही वापरत नाही. काठावरचा लांबट दगड सुताने बांधतो. दगड नदीचाच, नदीत राहिला. सूत कुजून जातं.

हा उपाय कुठल्याही महागड्या दोऱ्यापेक्षा मोलाचा आहे. तळाला टेकणाऱ्या गळाचा निम्मा झगडा शिसं अडकण्याचा असतो, आणि अडकलेलं शिसं सोडवताना तंगूस ज्या रीतीने कातळावर खेचला जातो तशी झीज मासाही करत नाही. भेंड लावून गळ तळापासून वीतभर वर ठेवला तर तेवढंही उरत नाही. पण मे महिन्याच्या सावकाश पाण्यात ते जमतं, ऑक्टोबरच्या ओढीत नाही.

भाची : एक गोष्ट तुम्ही कधी बघत नाही, मामा. रॉडच्या कड्या. तुमच्या टोकाच्या कडीतल्या चिनीमातीच्या वेढ्याला तडा गेलाय. दोरा दिवसभरात शेकडो वेळा त्यावरून जातो. नदीला दोष देता, आणि तंगूस रॉडवरच सोलला जातोय.

मामा : कुठे?

भाची : नायलॉनच्या जुन्या पायमोज्याचा तुकडा कडीतून फिरवा. जिथे अडकेल तिथे. रिळावरच्या ज्या फिरकीवरून दोरा वळतो तीही बघा. वाळू बसून ती फिरायची थांबली की दोरा तिच्यावर घासत राहतो. आणि घरी आल्यावर दोरा ओल्या फडक्यातून काढा. वाळूचा बारीक कण दोऱ्याबरोबर रिळात गेला की आतच काम सुरू होतं.

मामांनी कडी पाहिली असेल असं मी धरतो. दुकानात दोऱ्यावर हजारो रुपये घालवणाऱ्या किती जणांनी पाहिली असेल, याची मला शंका आहे.

सगळ्या नद्या कोयनेसारख्या नाहीत, हेही इथेच सांगतो. भीमेवर उजनीच्या फुगवट्यात कातळ कमी आणि बुडालेली बाभळ जास्त. तिथे ब्रेडेड ओल्या लाकडात रुतून बसतो आणि नायलॉन त्यावरून निसटतं. चिलापीसाठी तर साधा बारीक तंगूस पुरे. मरळ किंवा शिवड्यासारख्या दातांच्या माशाला लीडर हवा तो दातांसाठी, दगडासाठी नाही. गाळाच्या नदीत शिंपल्यांची धार असते, ती कातळाहून वाईट. ज्या नदीवर उभं राहायचं तिचा तळ उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एकदा चालून बघावा, हा सल्ला मी कुणालाही देईन. दोरा ठरवायला त्याहून चांगली जागा नाही.

मामा : मग शेवटी काय ठरलं? नव्या माणसाला काय सांगायचं?

भाची : पहिली दोन वर्षं तुमचंच. एकसंध नायलॉन, ०.४५ ते ०.५०. गाठी शिकू दे, दोरा बोटाने तपासायची सवय लागू दे. त्यानंतर रुंद आणि ओढीच्या पाण्यात ब्रेडेड, पुढे जाड लीडर.

मामा : लीडर नायलॉनचा.

भाची : बरं, नायलॉनचा. पण लांब. किमान दोन रॉड, म्हणजे सहा मीटर तरी. धोंड्याला वळसा पडला तरी कडेवर लीडर यायला हवा.

मामा : म्हणजे फेकताना तुझी ती जोडाची गाठ रिळात जाणार आणि प्रत्येक फेकीला कड्यांवर आपटणार.

भाची : एफजी गाठ बारीक असते, आपटत नाही. ब्रेडेड लीडरभोवती विणत जायचा, लीडरला वेढा पडतच नाही.

मामा : मला ती गाठ बांधायला अर्धा तास लागतो. चष्मा लावूनही.

भाची : घरी बांधून आणायची. डबीत तीन लीडर तयार ठेवायचे.

मामा : आणि चौथा तुटला की?

भाची : मग तुमचा रॉड घ्यायचा.

इथे दोघं एकमेकांचं म्हणणं पुरतं मान्य करणार नाहीत, आणि करावं असं मला वाटतही नाही. एकट्याने, उतरत्या उजेडात, धोंड्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्याला मामांचा एकसंध तंगूस साथ देतो. हात बसलेल्याला, दर दोन-तीन तासांनी दोरा तपासणाऱ्याला आणि झिजलेला तुकडा कापून टाकायची तयारी असणाऱ्याला भाचीची जोडणी अधिक लांबवर आणि अधिक नेमकी चालते. मला स्वतःला विचाराल तर कोयनेच्या वरच्या, धोंड्यांच्या भागात मी ०.५० चं नायलॉनच घेईन, आणि खाली कऱ्हाडकडे जिथे पात्र पसरतं तिथे ब्रेडेडला त्याच नायलॉनचा सहा मीटर लीडर लावीन. दोन्हीकडे वजन म्हणून सुताने बांधलेला दगड.

खरेदी उरली. मामांनी भाचीला पुण्याहून आणायला सांगितलं ते असं.

मामा : नायलॉनची मोठी गुंडी आण, पण दुकानाच्या दर्शनी कपाटातली नको. उन्हात पडून पडून तो तंगूस ठिसूळ झालेला असतो. आतली माग. डब्यावर नुसते पौंड लिहिले असतील आणि मिलिमीटर नसतील तर घेऊ नकोस.

भाची : मिलिमीटर लिहिलेले असतील तरी मी मोजून घेईन. ऑफिसात मायक्रोमीटर आहे. ०.५० छापून आत ०.५५ निघतं पुष्कळदा. मग ताकद जास्त दिसते आणि लोक म्हणतात, काय मजबूत दोरा आहे.

मामा : ०.५५ निघाला तर परत नको करूस. माझ्याकडे दे.